गुडघ्यावरची करवत

मंडळी, माल पारखणारे पुष्कळ. धरायचा कसा, हे कळणारे थोडे. करवत घेण्याआधी दुकानाच्या दारातल्या ओंडक्यावर चालवून पाहायची, ही आमच्या पेठेची रीत. ठेकेदार तात्यासाहेब घोरपड्यांनी गोदाक्कांच्या दुकानात ती रेड्यासारखी रेटली आणि पातं वाकवलं.

वर ओरडले, "हिणकस माल! बाजारभर सांगतो!"

गिऱ्हाइकं उठू लागली. गोदाक्कांनी पातं गुडघ्यावर घेतलं, उलट्या बाजूला चांगलं वाकवलं आणि सोडलं. टण्णकन सरळ!

"अस्सल पोलाद असं वळणावर येतं, तात्यासाहेब. हिणकस असतं तर मोडलं असतं."

"मला शिकवतेस? मी ताठ मानेचा माणूस आहे!"

"म्हणून तर तुम्हाला गुडघ्यावर घेत नाही. मोडाल!"

गिऱ्हाइकं हसत पुन्हा बसली. उठले ते तात्यासाहेब.