मिटल्या तोंडाची पाहुणी

एका खाडीच्या काठी, तिवरांच्या मुळांमधल्या डोहात, एक कालुंदर मासळी राहत असे. स्वभावाने फार मायाळू, जरा जास्तच म्हणा ना! डोहातल्या एका मुळावर तिने अंडी घातली होती आणि परांनी पाणी हलवत ती दिवसभर त्यांची राखण करी. बाळांनो, ओहोटी लागली की खाडीत सगळीकडे चिखल उरतो, पाणी राहते ते या एका डोहात. म्हणून तिथे एक रीत होती. डोहाच्या चिंचोळ्या वाटेवर एक म्हातारा खेकडा बसे आणि आत येणाऱ्या प्रत्येक नव्या माशाला आधी तोंड उघडायला लावी. "पोटातलं कुणाला दिसतंय? निदान तोंडातलं तरी बघून घ्यावं," असे तो म्हणे.

एकदा वरच्या अंगाला कुणाच्या तरी तळ्याचा बांध फुटला आणि पाण्याबरोबर एक राखाडी, परकी मासळी वाहत आली. खेकडा म्हणाला, "आ कर." तिने मान हलवली. दुसऱ्यांदा सांगितले, तरी तोंड मिटलेलेच. कालुंदरीला तिची कीव आली. "आजोबा, बिचारी भेदरलीय हो! हिच्या वतीनं मी सांगते, येऊ द्या." खेकडा कुरकुरला, "पोरी, रीत म्हणजे रीत." पण सगळा डोह त्यालाच हसला. म्हातारा वाटेवरून बाजूला सरला आणि पाहुणी आत आली.

आठ दिवस पाहुणी एक शब्द बोलली नाही, की तिने एक घास खाल्ला नाही. "किती सोशिक बाई!" असे सगळे म्हणू लागले. कालुंदर अंड्यांपायी उपाशीच होती. नवव्या दिवशी भरती आली, तेव्हा ती पाहुणीला म्हणाली, "ताई, बाहेर खाडीत दोन घास खाऊन येते. माझ्या अंड्यांकडे तेवढं लक्ष ठेव." पाहुणीने मान डोलावली. कालुंदर गेली मात्र, पाहुणीने तोंड उघडले! आतून पिल्ले बाहेर पडली. दहा, वीस, शंभर... संपता संपेनात. आठ दिवस मिटल्या तोंडात तिने हेच सांभाळले होते. पिल्ले भुकेली होती आणि समोरच मुळाला अंडी चिकटलेली होती.

ओहोटी लागली तशी कालुंदर घाईघाईने परतली. वाट पिल्लांनी गच्च भरली होती. त्यांच्यामागे तिचे मूळ दिसत होते, स्वच्छ, कोरे. "माझी अंडी! ताई, माझी अंडी कुठं गेली गं?" ती किंचाळली. पाहुणी पहिल्यांदाच बोलली, "माझी पोरं भुकेली होती." कालुंदर रडत म्हणाली, "निदान मला तरी आत घे. बाहेर पाणी आटतंय." पाहुणी म्हणाली, "जागा कुठं आहे?" वाटेकडेच्या आपल्या बिळातून खेकडा म्हणाला, "मी एकटा, ती शेकड्यांनी. पोरी, आता मी कुणाकुणाला अडवू?"

पाणी उतरत उतरत कालुंदरीच्या पाठीखाली गेले. ती चिखलात तडफडू लागली, आणि तिच्या अंगावर बगळ्याची सावली पडली.

तात्पर्य : सगळ्यांच्या जिवासाठी घातलेला नियम एकाच्या दयेपोटी मोडू नये, न पारखता आत घेतलेले संकट मागाहून बाहेर काढता येत नाही.