हाकेचा धोंडा

अहो पाहुणे, त्या धोंड्यावर टेकू नका! बसायला अख्खा पार मोकळा आहे. हा आमच्या आंबुळगावचा हाकेचा धोंडा. माहेरी येणारी लेक आधी इथं थांबते, मगच वेशीच्या आत पाऊल टाकते. का म्हणून विचारता? मी इथला गुरव, सांगतो. पण मधेच मोबाईल काढायचा नाही.

फार मागची गोष्ट. आसपासच्या गावांत पटकी आली होती. सकाळी औत धरणारा माणूस संध्याकाळी उचलावा लागायचा. आमच्या गावानं देवळात बेलभंडारा उचलून ठरवलं म्हणे, बाहेरून येईल त्यानं सात दिवस वेशीबाहेर राहायचं. मग तो पाटलाचा जावई का असेना.

आणि नेमकी ठकूबाईची लेक गजरा सासरहून पळत आली. तिकडं घरटी एक माणूस गेलं होतं. ठकूबाईला ती एकुलती एक. आईचं काळीज ते! तिनं पोरीला ओढ्याच्या बाजूनं गुपचूप घरात घेतलं. पण पहाटे दोघी जात्यावर बसल्या आणि सवयीनं ओवीला दोन गळे लागले. शेजारणीनं लगेच ओळखलं.

गाव दारात जमलं. काहींच्या हातांत दगड होते, खोटं कशाला बोलू? "हाकला दोघींना रानात!" असा गिल्ला झाला. तेव्हा म्हातारी सुईण भिमाई दारात आडवी उभी राहिली, असं सांगतात. म्हणाली, "या पोरीची नाळ मी कापलीय. नेम मोडला, आता दोघी बाहेर राहतील. पण रानात नाही, आपल्या नजरेसमोर. भाकर आपण द्यायची."

मायलेकी इथं खोप घालून राहिल्या. बाया धोंड्यावर भाकर-पाणी ठेवून मागं सरायच्या. दिवेलागणीला सगळं गाव वेशीतून हाक द्यायचं, "गजरे, आहेस का गं?"

"आहे!"

सहाव्या दिवशी उत्तर आलंच नाही. पुन्हा हाक दिली, तरी नाही. ज्यांनी दगड उचलले होते, तेच आधी रडायला लागले. तेवढ्यात खोपीतून ठकूबाई कडाडली, "अरे, झोपलीय पोर! बोंबलताय कशाला?"

सगळं गाव रडता रडता हसलं म्हणे. आठव्या दिवशी भाकरतुकडा ओवाळून दोघींना आत घेतलं.

आजही लेक आली की वेशीतून हाक जाते. माझी धाकटी मोठी द्वाड! गेल्या पंचमीला आली आणि मुद्दाम गप्प राहिली. सगळं माहीत असून माझ्या छातीत धस्स झालं हो. मग ओरडली, "आहे बाबा, आहे!" तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.