एकडोळ्याचे दात

एकदा काय झालं, आपल्यापासून फार लांब, मावळतीकडच्या निळ्या समुद्रात एक बेट होतं. बेटावर नुसते खडक, आणि खडकांतून चरणारी मेंढरं. तिथे मिर्टो नावाची एक बाई मेंढरं राखायची. नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नव्हता. घरात ती आणि तिची एकुलती एक लेक, आंथी. जरा जवळ सरका, बरं का. इथून पुढे गोष्ट अंधारी आहे.

त्या बेटाच्या डोंगरात एक गुहा होती. भर दुपारीसुद्धा तिच्यातून आवाज यायचा. हूंऽऽ... हूंऽऽ... कुणीतरी मोठ्ठं झोपेत कण्हतंय, तसा. आणि गुहेच्या तोंडाशीच, कपारीत, एक कवटी ठेवलेली होती. केवढी? चांगली घागरीएवढी. माणसाच्या कवटीला डोळ्यांची दोन भोकं असतात ना? हिला एकच. कपाळाच्या मधोमध. काळं, गोल, खोल. कुठेही उभे राहा, ते आपल्यालाच बघतंय असं वाटायचं.

गावाचा प्रमुख होता लिकास. तो म्हणायचा, "हा राक्षसांमधला थोरला. मेला. धाकटा आत आहे आणि तो भुकेला आहे. वर्षाला एक माणूस दिलं नाही, तर तो बाहेर येईल."

लोकांनी कवटी बघितली होती, आवाज ऐकला होता. मग नाही कोण म्हणणार?

मग दर वसंतात लिकास एक मडकं आणायचा. त्यात वालाचे दाणे. सगळे पांढरे, एक काळा. घराघरातून एकेकाने हात घालायचा. काळा ज्याच्या हाती येईल, त्याच्या घरातलं कुणी जायचं ते लिकास सांगायचा. एका वर्षी काळा दाणा आला कुंभाराच्या हाती. त्याचा भाऊ गेला. पुढच्या वर्षी आला जाळी विणणाऱ्या म्हातारबाबाच्या हाती. त्याची नात गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मिर्टोने मूठ उघडली, आणि तळहातावर काळा दाणा!

लिकासच्या हाती कधी आला का? नाही रे बाळांनो. त्याचा हात मडक्यात कधी गेलाच नाही. मडकं धरणारा तोच ना!

मिर्टो त्याच्या पाया पडली. म्हणाली, "मला पाठव. पोरीला सोड."

लिकास हसला. "तुझी हाडं काय चाटायचीत? त्याला कोवळं लागतं."

मग दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, सारा गाव गुहेकडे निघाला. तिथली रीत अशी, की कवटी दिसायला लागली की सगळ्यांनी डोळ्यांवर लोकरीची पट्टी बांधायची. त्या भोकात जवळून बघितलं तर माणूस जागीच मरतो, असं लिकासनं सांगून ठेवलेलं. तर सगळ्यांनी पट्ट्या बांधल्या. लिकासची मात्र सैल, खालून दिसेल अशी. वारा पडला. मेंढरू ओरडेना, पाखरू हलेना. नुसतं ते हूंऽऽ... हूंऽऽ.

जाणाऱ्याला घरच्यानंच कवटीपर्यंत पोचवायचं असतं. मिर्टो चाचपडत निघाली. आंथीचा हात बर्फासारखा गार.

"आई," आंथी हळूच म्हणाली, "खूप दुखेल का गं?"

बस्स. मिर्टोला वाटलं, माझ्या लेकराला जे खाणार, त्याचं तोंड तरी बघते. मरायचं तर बघून मरते. आणि तिनं पट्टी ओढून काढली.

समोर कवटी. वीतभर अंतरावर ते काळं भोक. मिर्टो मेली का? नाही. तिची छाती धडधडत होती, म्हणजे ती जिवंत होती. मग तिनं काय केलं असेल? बाजारात मेंढी घेताना जे करायची तेच केलं. मेंढपाळ आधी लोकर बघत नाही, बरं का. तो ओठ वर करतो आणि दात बघतो. तिचा हात सवयीनं गेला. थेट राक्षसाच्या तोंडात!

लिकास ओरडला, "हात काढ! झडून जाईल!"

हात काही झडला नाही. मिर्टोनं दात चाचपले. लांडग्याचे असतात तसे सुळे कुठेच नाहीत. सगळे रुंद, सपाट, आणि वर आडव्या रेघा. छिन्नीनं टाके घातलेल्या जात्यासारखे.

मिर्टो वळून मोठ्यानं म्हणाली, "अहो, हा गवत खातो!"

कुणाचा विश्वास बसेना. मग कुंभार पुढे झाला. त्यानं हात घातला. मग म्हातारबाबा पुढे झाला. त्याची बोटं आयुष्यभर गाठी चाचपत आलेली. त्यानं पुन्हा पुन्हा दात चाचपले आणि म्हणाला, "गुराचे आहेत. असल्या दातांनी कुणी माझी नात खाल्लेली नाही."

एकेक पट्टी सुटायला लागली. मग कुंभार म्हणाला, "लिकास, थोरला गवत खाणारा, तर धाकटा माणसं कशी खाईल? मग माझ्या भावाला कोणी खाल्लं?"

आणि लिकास पळाला. कुठे पळाला ठाऊक आहे? गुहेत! जन्मभर लोकांना सांगत होता, आत राक्षस आहे. आणि वेळ आली तेव्हा स्वतः आतच पळाला.

मग काय! सारा गाव त्याच्या मागे. आत मिट्ट काळोख. पायाखाली ओलं. आवाज वाढत वाढत कानात घुसायला लागला. भिंतीवर कुणीतरी नखांनी ओरखडलेलं हाताला लागत होतं. एकाच्या पायात एका पोरीची चप्पल आली. मग एकदम उजेड झाला, आणि समोर समुद्र! गुहेला दुसरं तोंड होतं. लाट आत शिरायची, तोच तो हूंऽऽ. आणि तिथे एक जहाज उभं. खलाशी दोर घेऊन आंथीची वाट बघत होते. माणसं न्यायची, पलीकडच्या किनाऱ्यावर विकायची, आणि बदल्यात लिकासला तांबं आणि दारू द्यायची. असला तो राक्षस, बरं का. दोन डोळ्यांचा.

गावकऱ्यांनी लिकासला बांधलं, जहाज अडवलं, आणि ते खलाशांना म्हणाले, "चला, जिथे विकली तिथे आम्हांला न्या." मग कुंभाराचा भाऊ परत आला. म्हातारबाबाची नात आली. आधीच्या वर्षांतले आणखी पाच आले. सगळे सापडले का? नाही रे. उगाच खोटं कशाला सांगू?

मग ती कवटी कुणाची? काय म्हणालास? हत्तीची! शाबास! मधलं भोक सोंडेचं. फार फार पूर्वी त्या बेटावर वासराएवढे हत्ती होते, सगळे मरून गेले. तुम्ही हत्ती बघितलाय म्हणून ओळखलंत. त्या बिचाऱ्यांनी हत्ती कधी बघितलाच नव्हता.

पण खलाशी लोक मोठे लबाड. बंदरात कुणी विचारलं, बेटावरची माणसं कुठे गेली, तर 'आम्ही विकली' कसं म्हणणार? ते म्हणायचे, एकडोळ्यानं खाल्ली. त्याची गाणी झाली, आणि ती अजून गातात. मिर्टोचं नाव त्यात कुठेच नाही. म्हणून आज मी मुद्दाम घेतलं.

मग मिर्टो आणि आंथी सुखानं राहिल्या, मेंढ्यांना जुळी कोकरं झाली, आणि गावानं ते मडकं फोडून टाकलं. हं, आता पांघरूण घ्या अंगावर. झोपा, माझ्या सोन्यांनो.