हे मीठ कोणाचे

फार पूर्वी समुद्रकाठच्या क्षारवती नगरीवर राजा अर्णवकेतूची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका लाकडी खांबात देवता होऊन राहत होता.

हा खांब आधी मिठागराच्या बांधावरचे झाड होता. पूर्वीच्या एका राजाने वादसभा उभारायला घेतली तेव्हा ते झाड तोडले गेले. बोधिसत्त्वाने लाकूड सोडले नाही. लाकडाबरोबर तोही सभेत आला.

त्या सभेत भर दुपारीही अंधारलेले असे. भिंतींना ओल येई आणि चाटून पाहिली तर ती खारट लागे. आत बोललेला शब्द घुमून परत येई, पण जरा उशिरा, जणू कोणीतरी तो आधी नीट ऐकून घेतला आहे.

सभेची एक जुनी रीत होती. वाद करणाऱ्याने मिठाचा खडा जिभेवर ठेवावा, खांबाला हात लावावा आणि "हे मीठ अमक्याचे" असे म्हणून ज्याचे अन्न खाऊन आलो त्याचे नाव घ्यावे. जीभ कोणाच्या जिवावर हलते आहे ते ऐकणाऱ्याला कळावे, एवढाच हेतू. पुढे आचार्यांना ही नावे जड जाऊ लागली. मग कोणीतरी रीत आटोपशीर केली. आता सगळे एवढेच म्हणत, "हे मीठ गोड." मीठ गोड कसे, हे कोणी विचारत नसे.

सभेत दोन मोठे आचार्य होते, मणिकंठ आणि भद्रसार. त्यांची घरे, पालख्या आणि पंगती राजकोठारातून चालत. राजकोठार मिठाच्या करातून भरे. खांबापुढचा तुपाचा दिवाही त्याच कोठारातून येई, आणि बोधिसत्त्व त्या दिव्याच्या तुपावर जगत होता.

त्या वर्षी समुद्राने मिठागराचा बांध फोडला. बांध धरून ठेवताना वेलक नावाचा मिठागरातला म्हातारा बुडाला. मिठात आयुष्य गेलेल्या माणसाची पावले चितेत जळत नाहीत, असे ते लोक मानतात. वेलकाची जळली नाहीत. त्याच्या मुलीने, सुवेलेने, ती पावले मिठात पुरली आणि मग स्वतः राजाकडे आली.

"महाराज, मिठाच्या तीन पाट्यांतली एक पाटी कर म्हणून तुमची असते. यंदा ती आम्हाला सोडा. तिच्या बदल्यात तांदूळ घेऊ आणि बांध घालणाऱ्यांना जेवू घालू. पौर्णिमेच्या उधाणाआधी बांध झाला नाही, तर वस्ती राहणार नाही."

राजा वाईट नव्हता, पण त्याला कोणीतरी ठरवून दिलेले आवडे. त्याने आचार्यांना वाद करायला सांगितले.

मणिकंठ म्हणाले, "हे मीठ गोड. महाराज, कर सोडला की कष्टाची सवय सुटते. राज्य त्यागावर उभं असतं. प्रजेनं थोडी कळ सोसावी."

भद्रसार म्हणाले, "हे मीठ गोड. महाराज, कर ही लूटच आहे. पूर्ण काढून टाका. पण मग राज्यानं बांधाकडे पाहू नये, पहारा देऊ नये. दुसऱ्याच्या घासावर जगणाऱ्यांची मला किळस येते."

मग पंगत बसली. जेवणानंतर दोघांनी बाजू बदलल्या, कारण मागल्या वर्षी मणिकंठ करकपातीच्या बाजूचे होते आणि त्यांना त्यातले श्लोक अजून पाठ होते. वाद असाच रोज चालू राहिला. चंद्र रोज थोडा भरत गेला.

शेवटी सुवेला उठून उभी राहिली. "पौर्णिमा उद्यावर आली, आजोबा."

"मुली, वादाला घाई चालत नाही," मणिकंठ हसून म्हणाले. "मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा..."

"तेव्हा बांध शाबूत होता."

भद्रसारांना ढेकर आला.

"ढेकर तुमचा, आजोबा. जेवण कोणाचं?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. द्वारपाल ओरडला, "वडीलधाऱ्यांमध्ये बोलू नये!"

"वडीलधारे बांधावर मेले," सुवेला म्हणाली. "हे नुसते वयानं वाढलेत."

तेवढ्यात खांब करकरला. मणिकंठांनी तो आवाज ओळखला. जुन्या लोकांकडून त्यांनी खांबातल्या देवतेविषयी ऐकले होते. त्यांनी दिव्यात वरपर्यंत तूप ओतले आणि खांबाशी तोंड नेऊन पुटपुटले, "देवा, तुझं तूपही राजकोठारातूनच येतं. समजून घे."

बोधिसत्त्वाला समजले. खांबातली देवता माणसाच्या भाषेत बोलली की खांब चिरतो, आणि घर चिरले की देवता वाऱ्यात विरते. गप्प राहिले तर दिवा मोठा होणार होता. बोधिसत्त्वाने विचार केला, 'यांच्या तोंडाचे खरकटे मी काय पुसू? माझ्याही तोंडाला तेच आहे. सुरुवात माझ्यापासून व्हावी.'

तो बोलला. "हे तूप वेलकाचे. पहिला खाणारा मी."

दिवा विझला. वारा नव्हता.

मणिकंठ घाईघाईने "हे मीठ गोड" म्हणाले. त्यांचे ओठ तसेच हलले. पण बाहेर आले ते, "हे मीठ वेलकाचे." आवाज त्यांचा नव्हता. तो घोगरा होता आणि त्यात पाणी भरलेले होते. भद्रसारांनी तोंडावर हात दाबला, तर हाताखालून मिठागरातल्या एका बाईचा आवाज आला, मग एका पोराचा, मग बुडालेल्या आणखी कोणाचा. प्रत्येक जण फक्त आपले नाव सांगत होता. भिंती ती नावे उशिरा परत देत होत्या. आचार्यांनी आयुष्यभर जेवढे घास खाल्ले, तेवढी नावे त्या अंधारात रांगेने उभी राहिली. जमीन ओली झाली होती, आणि तिच्यावर पावलांचे ठसे उमटत होते. नुसते ठसे. वर कोणी नव्हते.

सुवेला मणिकंठांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने हळूच विचारले, "बाबा?"

म्हाताऱ्याच्या तोंडातून तिचा बाप म्हणाला, "बांध घातलास का गं?"

राजा सिंहासनावरून खाली उतरला. त्या दिवशी तो कोणाला काही विचारण्यासाठी थांबला नाही. "यंदाची पाटी सोडली," तो म्हणाला. "आज शिजलेली पंगत बांधावर न्या."

त्याच क्षणी खांब वरपासून खालपर्यंत चिरला. चिरेतून खारे पाणी वाहिले. मग सभेत पहिल्यांदाच शब्द घुमेनासा झाला.

चिरलेले लाकूड लोकांनी खांद्यावर घेतले आणि बांधाच्या भगदाडात रोवले. पूर्वी झाड उभे होते तीच ती जागा होती. उधाण आले, लाकडाशी थांबले आणि परत गेले.

सभेत जुनी रीत पुन्हा सुरू झाली. मणिकंठ खडा जिभेवर ठेवीत, खरे नाव घेत आणि उभे राहत. नाव घेतल्यावर पुढचे काही त्यांना सुचत नसे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली. त्या दुपारी दोन वृद्ध भिक्षू भरल्या पोटी वाद घालीत होते, की गृहस्थांनी दान कमी करावे की वाढवावे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "ते दोन आचार्य म्हणजे तुम्ही दोघे. सुवेला म्हणजे आज तुमच्या पात्रात भात वाढून स्वतः उपाशी निघून गेलेली ती मुलगी. खांबात राहून जो तूप खात होता आणि उशिरा बोलला, तो मी. त्याने त्या दिवशी पुरी केली ती सत्याची पारमिता, सत्याचे परिपूर्ण आचरण. सत्य बोलणाऱ्याने आधी स्वतःच्या जिभेवरच्या मिठाचे नाव घ्यावे."

दोघा भिक्षूंनी आपल्या पात्रांत पाहिले. त्यांच्यातल्या एकाने विचारले, "त्या मुलीचे नाव काय?"