चिखलावरचा शोध

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जनावरंही शोध लावत, आणि ते शोध साळिंदरपंतांच्या बिळात जमा होत. आत जाऊन वाचायचं तर दाराशी चार कंद ठेवावे लागत. कंद पंतच खात.

एका उन्हाळ्यात डबक्याचं पाणी पिऊन हरणं, ससे पटापट मरू लागले. डबक्यातल्या खेकडीने सहा खड्डे झऱ्याच्या पाण्याने भरून त्यांत झऱ्यातले मासे सोडले आणि तीन खड्ड्यांत काठावरच्या काटेरी झाडाची, डबक्यात गळणारी फळं टाकली. फळांच्या खड्ड्यांतले मासे मेले, बाकीचे टुणटुणीत राहिले. तिने काठाच्या ओल्या चिखलावर नांगीने सगळं लिहिलं.

पंत काटे फुलवत आले. "चिखलावर? जिथं कुणीही फुकट वाचतं, तिथं? असलं काही महत्त्वाचं असतं होय!"

"पंत, वाचून तरी बघा."

"कुठं लिहिलंय ते बघितलं. तेवढं पुरे."

बाकीच्यांना एवढी ऐट परवडत नव्हती. त्यांनी वाचलं आणि ते पलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागले. मरणं थांबली.

महिन्याभराने खेकडीने पंतांना गाठलं. पंतही झऱ्यावरच पाणी पीत होते.

"आता तरी सांगा, माझा शोध महत्त्वाचा होता ना?"

पंतांनी मिशा पुसल्या. "त्यात कसलं महत्त्व, बाई? सशाचं शेंबडं पिल्लूसुद्धा सांगेल ते!"

सशाचं पिल्लू शेजारीच पाणी पीत होतं. एकटंच होतं. त्याची भावंडं खेकडीने लिहिण्याआधी डबक्यावर गेली होती.