पाण्याचे माहेर

ज्या काळी उंबरसोंड गावात सरपंचाला खुर्ची नव्हती आणि पाच पंच चिंचेच्या पारावर घोंगडी अंथरून न्यायनिवाडा करीत, त्या फार जुन्या काळी तेथे चिमाआत्या नावाची एक वृद्धा राहत असे. तिची जीभ पाण्याची पारखी होती. डोळे मिटून एक घोट घेतला, की हे पाणी कोणत्या विहिरीचे आणि कोणत्या प्रहरी शेंदलेले, हे ती अचूक सांगे, असे म्हणतात.

गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर एकच. एका वर्षी तिचे पाणी पिऊन लेकरे आजारी पडू लागली. विहिरीचे पाणी नदीकडून झिरपते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. म्हणून गावाने नदीची बाजू देव्हाऱ्यासारखी निर्मळ राखली होती. तरीही पाणी सुधारेना. अखेर पंचांनी ठरविले, की विहीर बाधली आहे. येत्या सोमवारी ती दगडमातीने बुजवावी आणि दोन कोसांवरून पाणी आणावे.

चिमाआत्या तडक विहिरीवर गेली. नवी नवरी होऊन आली, त्या दिवसापासून तिने पहाटेची पहिली घागर याच विहिरीतून भरली होती. तिने एक घोट घेऊन तोंडात घोळविला. नदीच्या गाळाची चव त्यात नव्हती. वरच्या माळावरील मुरमाची होती. आणि त्या माळावर तर साऱ्या गावाचे उकिरडे होते. सर्वांत थोरला रखमाजी पाटलांचा.

तिने पारावर जाऊन हे सांगितले, तेव्हा पंचांत हशा पिकला. पाटील म्हणाले, “आत्या, माझ्या उकिरड्याला पाय फुटले होय?”

आत्याने सोमवारपर्यंतची मुदत मागितली. आपण खोट्या ठरलो, तर या गावचे पाणी सोडून निघून जाऊ, असा शब्दही दिला.

त्या दिवसांत गुऱ्हाळे चालू होती. आत्याने गुऱ्हाळकऱ्यांकडून सात घागरी काकवी मागून आणली आणि पाटलांच्या उकिरड्याशेजारी खडकाला जी भेग होती, तिच्यात ती सारी ओतली. म्हातारीला वेड लागले, असे लोक उघड बोलू लागले. एक दिवस गेला, दुसरा गेला. विहीर जशीच्या तशी. आत्याने आपले गाठोडे बांधून ठेवले.

सोमवारी सकाळी कुदळी-फावडी घेऊन गाव जमला आणि जागच्या जागी थबकला. काठावर मुंग्यांची अखंड रांग लागली होती आणि विहिरीवर मधमाश्यांचा ढग गुणगुणत होता, असे म्हणतात. पोहरा वर आला. पाणी सरबतासारखे गोड! लोक हसू लागले, बायका फेर धरू लागल्या. पाटलांनी वाटीभर पाणी पिऊन दुसरी वाटी मागितली.

ती वाटी हाती देत आत्या म्हणाली, “गोड लागलं ना, पाटील? मग जे गोड नाही, तेही ह्याच वाटेनं येतंय.”

पाटलांची वाटी ओठांशीच थांबली. त्यांनी एकदा वाटीकडे पाहिले, एकदा माळाकडे पाहिले, आणि मग सर्वांच्या आधी तेच पोट धरून हसले.

आत्या म्हणाली, “विहीर हे पाण्याचं सासर, बाबांनो. माहेर वर माळावर आहे. माहेरी घाण केलीत, तर लेक हसतमुख कशी येईल?”

विहीर बुजविण्यासाठी आणलेली फावडी तशीच माळाकडे वळली. पहिली पाटी पाटलांनी आपल्या डोक्यावर घेतली. सूर्य मावळण्यापूर्वी शंभर गाड्या उकिरडा पल्याडच्या उतारावर गेला आणि माळ इतका स्वच्छ झाला, की आकाशातल्या घारींना गाव ओळखू येईना, असे म्हणतात. पंचांनी तेथेच ठराव केला, की माथ्यापासून विहिरीपर्यंत उकिरडा, रंगाचे कुंड किंवा कातडी कमावण्याचे कुंड कोणीही घालू नये. दोन पावसाळ्यांत पाणी निवळले आणि लेकरांचे गाल पुन्हा वर आले.

आज तेथे ग्रामपंचायत आहे, नळ आहेत. तरीही निवडून आलेला सरपंच खुर्चीवर बसण्यापूर्वी अनवाणी माळावर जातो, चिमाआत्याचे नाव घेऊन तो माळ स्वतःच्या हाताने झाडतो आणि त्या विहिरीचे पाणी सर्वांदेखत पितो. पिताना त्याचा चेहरा जरासा जरी वाकडा झाला, तरी काठावरच्या म्हाताऱ्या लगेच विचारतात, “का रे बाबा, माहेरी काय टाकून आलास?”