बाहेरून लिंपलेली ढोली

फार फार पूर्वीची गोष्ट. कुठल्या रानातली ते विचारू नका, प्रत्येकजण म्हणेल की आमच्या नाही.

त्या रानात एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांचं जोडपं राहत होतं. धनेशांची रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून चिखलानं लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नर त्या फटीतून तिला उंबरं भरवतो. पिल्लू मोठं झालं की ती भिंत फोडून बाहेर येते.

या धनेशिणीनंही फोडली. पिल्लू उडून गेलं. तिनं पंख झटकले, तोच धनेश म्हणाला, "थांब गं. घारी फिरताहेत. तुला काही झालं तर मी काय करू?"

तिला भरून आलं. किती जीव लावतो! ती परत आत शिरली. त्यानं बाहेरून चिखल लावला, तिनं आतून चोचीनं सारखा केला. हो, तिनंच.

रानभर कौतुक झालं. शेजारच्या फांदीवरची साळुंकी नवऱ्याला टोमणे मारू लागली, "बघा, अजून भरवतोय तिला! नाहीतर तुम्ही!"

एके दिवशी धनेशिणीनं विचारलं, "आता येऊ का बाहेर?" त्यानं फटीतून तिच्या डोळ्याखाली चोच मारली. दुसऱ्या दिवशी सगळ्यात पिकलेलं उंबर आणलं आणि रडला. "तू असं विचारतेस, मग माझा तोल जातो."

माझंच चुकलं, असं ती स्वतःला म्हणाली.

पण पुन्हा विचारलंच. कोण नाही विचारणार? मग कधी चोच, कधी उपास, आणि मागाहून पुन्हा पिकलं उंबर. फट मात्र दर खेपेला थोडी बुजत गेली.

साळुंकीला आतून ठकठक ऐकू यायची. एकदा ती फटीशी गेली. "काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे. मीच जरा हट्टी आहे," आतून आवाज आला. मग अगदी हळू, "साळुंके, भिंत बाहेरून किती जाड झालीय गं?"

आता एवढं ऐकल्यावर तरी कळावं की नाही? पण साळुंकी म्हणाली, "नवरा-बायकोचं तुमचं तुम्ही बघा बाई," आणि उडाली.

ठकठक बरेच दिवस चालली. मग थांबली. "झाली एकदाची शहाणी," रान म्हणालं.

वास सुटला तेव्हा सगळ्यांनी मिळून भिंत फोडली. आत धनेशीण मरून पडली होती. पंख उडण्याइतके पूर्ण भरलेले होते, चोचीचं टोक मात्र झिजून गेलं होतं. धनेश इतका रडला, की सगळे त्याचीच समजूत काढत बसले.

पुढच्या हंगामात त्याच ढोलीशी एक तरुण धनेशीण आली. साळुंकीनं धावत जाऊन तिला सगळं सांगितलं.

ती हसली. "तुला कुणी एवढं जपलं नाही ना, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!"

गेल्या वर्षी साळुंकीही हेच बोलली असती. तरुण धनेशीण आत शिरली. धनेश चोचीत चिखल घेऊन उभाच होता.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या मायेतून बाहेर पडायची परवानगी मागावी लागते ती कैद असते, आणि आतली ठकठक ऐकून जो उडून जातो तो त्या भिंतीला आणखी एक थर लावतो.